'हदासा' या ज्यू मुलीच्या नावाचा नेमका अर्थ काय? मेंदी, तारा, नवरी की अजून काही?

पानगळ_२२

नमस्कार मंडळी, एका नावाचा अर्थ हवाय आणि जरा घाईच आहे. आमच्या टीममधली एक जण इस्रायलमध्ये हायफाला असते, चार वर्षं जवळजवळ रोज कॉलवर बोलतोय आम्ही, तिला गेल्या आठवड्यात मुलगी झाली आणि नाव ठेवलंय हदासा. तिला देवनागरी अक्षरं बघायला फार आवडतात म्हणून मी हाताने लिहिलेलं कार्ड पाठवायचं ठरवलं, मराठीत चार ओळी आणि त्यात नावाच्या अर्थावरून काहीतरी छान. तर नेटवर शोधायला बसले आणि एका ठिकाणी अर्थ मिळाला 'मेंदी', दुसरीकडे 'तारा', तिसरीकडे 'नवरी' आणि एका साइटवर तर चक्क 'लपलेली'. चार साइट आणि चार अर्थ! मी मेंदी धरून 'हातावर रंगावी तशी तुमच्या घरात रंगू दे' अशी ओळ लिहून पण टाकली होती, मग वाटलं थांबावं. त्यात टीममधल्या एकाने नाव ऐकल्या ऐकल्या विचारलं, "हादसा?" म्हणजे हिंदीतला अपघात, आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये. एवढ्याशा बाळाच्या नावाबद्दल चुकीचं काही लिहून पाठवलं तर मला स्वतःलाच फार वाईट वाटेल. कोणाला हिब्रू येतं का? आणि नावाचा उच्चार नक्की कसा, मराठीत लिहायचं कसं, तेही सांगा प्लीज.

देठ_आणि_पान

मेंदीची ओळ आधी खोडा. हिब्रू मला येत नाही पण झाडं येतात, त्यामुळे तेवढं सांगतो.

हदास म्हणजे इंग्रजीत ज्याला मर्टल म्हणतात ते झुडूप, शास्त्रीय नाव मिर्टस कम्युनिस. भूमध्य समुद्राच्या आजूबाजूला रानात वाढतं, इस्रायलमध्ये गालीलच्या डोंगरात ओढ्यांच्या काठी भरपूर सापडतं. मेंदीचा घोळ कुठून झाला ते पण सांगतो, आपल्याकडे युनानी औषधांच्या पुस्तकांत मर्टलला 'विलायती मेंदी' म्हणतात आणि हिंदी बायबलात या झाडासाठी 'मेंहदी' असाच शब्द घातलाय, पाहणाऱ्याने तेवढंच उचललं की झालं. पण हातावर लावतो ती मेंदी म्हणजे लॉसोनिया, तिचं कूळ वेगळं, तिला हिब्रूत शब्दसुद्धा वेगळा आहे, 'कोफेर'. मर्टलच्या पानाने हात रंगत नाही. त्यामुळे 'रंगू दे' हे या नावाला लागूच होत नाही.

आता हे झाड आहे कसं, कारण कार्डात लिहायचं तर ते डोळ्यासमोर यायला हवं. बारमाही हिरवं, उंची साधारण माणसाएवढी किंवा थोडी जास्त, पानं लहान, टोकदार, वरून तुकतुकीत. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, आणि मध्ये पुंकेसरांचा इतका दाट झुपका की पाकळ्यांपेक्षा तोच आधी दिसतो. फळं निळीकाळी, वाटाण्याएवढी. पान चुरगळलं की वास येतो, गोडसर आणि जरा औषधी. आणि एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते, पान उजेडासमोर धरलं की त्यात बारीक बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, जणू सुईने टोचलंय. त्या तेलाच्या ग्रंथी असतात, वास तिथूनच येतो. आपलं जांभूळ, पेरू, लवंग, निलगिरी ही सगळी याच कुळातली, कुळाचं नाव मिर्टेसी हे या झाडावरूनच पडलंय. निलगिरीचं किंवा पेरूचं पान उजेडात धरून बघा, तेच ठिपके दिसतील. म्हणजे मेंदी नाही पण जांभळाची बहीण म्हणायला हरकत नाही.

वहीतले_शब्द

वरचं झाडाबद्दलचं उत्तर एकदम बरोबर. मी हिब्रू शिकतेय बरीच वर्षं, त्यामुळे नावाबद्दल मी लिहिते, जरा लांबेल.

बायबलच्या हिब्रू भागात हे नाव फक्त एकाच जागी येतं, एस्तेरच्या पुस्तकात, अध्याय 2, ओवी 7. तिथे म्हटलंय की मर्दखयने आपल्या काकाची मुलगी हदासा, म्हणजेच एस्तेर, हिला सांभाळलं कारण तिला आई नव्हती आणि वडीलही नव्हते. बस, एवढंच. त्यानंतर पूर्ण पुस्तकभर ती एस्तेर आहे, राजवाड्यात गेली तरी एस्तेर, राणी झाली तरी एस्तेर, हदासा हे नाव परत कोणीही उच्चारत नाही. मला हे वाचताना दर वेळी आत काहीतरी हलतं, कारण हदासा हे त्या पोरक्या मुलीचं घरातलं नाव आहे, ती कोणाची राणी व्हायच्या आधीचं. पुढे ती शूशन शहरात, म्हणजे इराणमधल्या सूसा इथे, अहश्वेरोश राजाची राणी होते (बहुतेक अभ्यासक हा राजा म्हणजे पहिला झर्कसीस मानतात, इ.स.पू. 486 ते 465) आणि आपल्या लोकांची कत्तल टाळते, त्याच्या आठवणीत पुरीमचा सण असतो.

आता तुमचे चार अर्थ कुठून आले बघा. हदासा हा शब्द 'हदास' या झाडाच्या नावाचं स्त्रीलिंगी रूप आहे, एवढं स्वच्छ आहे. 'तारा' आणि 'लपलेली' हे हदासाचे अर्थच नाहीत, ते एस्तेर या दुसऱ्या नावाचे आहेत, आणि दोन्ही नावं एकाच बाईची म्हणून साइटवाल्यांनी एकत्र कालवलेत. एस्तेरचा संबंध पर्शियनमधल्या ताऱ्याच्या शब्दाशी लावतात, आजच्या फारसीत तो 'सितारे' आहे, आणि आपला 'तारा' आणि इंग्रजीतला 'स्टार' हे त्याच घराण्यातले. 'लपलेली' हे आलं हिब्रूतल्या 'लपवणे' या धातूवरून, स-त-र. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) चर्चांच्या जुन्या ग्रंथात, विचारलंय की तोरामध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, एस्तेरचा उल्लेख कुठे आहे, आणि उत्तर म्हणून त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 31व्या अध्यायातलं वचन दिलंय, "मी माझं मुख लपवीनच लपवीन", हिब्रूत 'हस्तेर अस्तीर', ते कानाला एस्तेरसारखं लागतं. आणि ते उगाच नाही, कारण एस्तेरच्या पूर्ण पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, आणि तिनेही आपण कोणत्या लोकांतल्या ते राजवाड्यात लपवून ठेवलं होतं.

तालमूदच्या मगिल्ला या भागात (पान 13) तर यावर रब्बींचा मोठा वाद आहे की खरं नाव कुठलं आणि ठेवलेलं कुठलं. रब्बी मेईर म्हणतात खरं नाव एस्तेर, हदासा म्हणायचे कारण सज्जन माणसांना हदास म्हणतात. रब्बी यहूदा म्हणतात उलट, खरं हदासा, लपवलं म्हणून एस्तेर. बेन अझ्झाय म्हणतात ती उंचही नव्हती आणि बुटकीही नव्हती, मध्यम होती, हदासासारखी. आणि रब्बी यहोशुआ बेन कोर्हा म्हणतात तिचा रंग हिरवट, फिकट होता, पण तिच्यावर कृपेचा एक धागा ओढलेला होता. म्हणजे रूपवान राणी म्हणून सगळे जिला ओळखतात तिच्याबद्दल हा माणूस म्हणतो की रंग झाडाच्या पानासारखा फिका होता आणि तरीही बघणाऱ्याला ती आवडायची. मला विचाराल तर या नावाबद्दल यापेक्षा सुंदर कोणी काही बोललेलं नाही.

उच्चार: ह-द-सा, तिन्ही अक्षरं सुटी आणि जोर शेवटच्या 'सा'वर. जुन्या हिब्रूत 'स' दुहेरी आहे म्हणून 'हदस्सा' असं लिहिलेलंही दिसेल. आजच्या इस्रायलमध्ये भरभर बोलताना सुरुवातीचा ह जवळजवळ ऐकूच येत नाही. मराठीत 'हदासा' चालेल, फक्त 'हा' मोठा करू नका, नाहीतर परत तोच हादसा.

आणि हादसाची काळजी सोडा. तो शब्द अरबीतून आलाय, त्यातला ह घशातून काढायचा वेगळा ह आहे आणि स पण मुळात स नाही, 'थ'सारखा आहे. त्या अरबी धातूचा हिब्रूतला सख्खा भाऊ आहे 'हदाश', आणि त्याचा अर्थ 'नवीन'. हदासाशी दोघांचंही नातं नाही.

मातीची_पाटी

थोडा वेगळा मुद्दा मांडतो, कारण 'नवरी' कुठून आलं ते अजून कोणी सांगितलं नाहीये. बाबिलोनच्या अक्कादी भाषेत 'हदश्शतु' असा शब्द आहे, अर्थ नवरी. आणि एस्तेर म्हणजे इश्तार देवी, मर्दखय म्हणजे मार्दुक देव, ही नावं बाबिलोनी वळणाची आहेत असं मांडणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. मग हदासा पण तिकडूनच आलं असेल, राणी होणारी म्हणून 'नवरी' ही पदवी असेल, असं का नाही म्हणायचं? झाड वगैरे नंतर जोडलेलं असू शकतं की.

वहीतले_शब्द

@मातीची_पाटी मुद्दा चांगला आहे आणि मर्दखय-मार्दुकबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही, ते साम्य उघड आहे. इश्तारचाही विचार करायलाच हवा, तालमूदमधल्या त्याच वादात रब्बी नेहेम्या म्हणतात की इतर लोक तिला 'इस्तहर'वरून एस्तेर म्हणायचे, म्हणजे आकाशातल्या तेजाशी जोडायचे, हे त्या काळीच लोकांच्या मनात होतं. पण हदासाचं मला पटत नाही. एक तर अक्कादी शब्दातला ह हा खरखरीत 'ख'कडे झुकणारा आहे, हिब्रूत तो आला असता तर दुसऱ्या अक्षराने लिहिला गेला असता, हदासात 'हे' नावाचं साधं हलकं अक्षर आहे. दुसरं म्हणजे हदास हे झाड बायबलमध्ये बाहेर कुठून आणलेलं नाहीये, यशया आणि जखऱ्या या पुस्तकांत आहे, नहेम्याच्या पुस्तकात तर लोकांना सांगितलंय की डोंगरावर जा आणि मांडवासाठी हदासाच्या फांद्या आणा. घरातल्या माणसांना रोज दिसणारं झाड असताना मुलीला त्याचं नाव ठेवलं, यात न पटण्यासारखं काय आहे? मुलींना झाडांची नावं हिब्रूत आधीपासून आहेत, तामार म्हणजे खजूर.

यशयाच्या 55व्या अध्यायात तर वचन आहे की काटेरी झुडपाच्या जागी हदास उगवेल, आणि तालमूदमध्ये ते सरळ एस्तेरला लावलंय, की वश्तीच्या, म्हणजे आधीच्या राणीच्या, जागी ती आली.

मातीची_पाटी

अक्षराचा मुद्दा मान्य. तो मी बघितला नव्हता.

पानगळ_२२

बापरे, एवढं सगळं! मनापासून थँक्यू सगळ्यांना. मेंदीची ओळ खोडली. 'कृपेचा धागा' वाचून मी थोडा वेळ नुसतीच बसून राहिले.

अजून दोन शंका. एक, हे नाव आज तिकडे कसं वाटतं, जुनं आजीचं नाव वाटतं का? आणि दुसरं, मैत्रीण बाळाला मेसेजमध्ये 'दासी' लिहितेय. मला कसंतरीच झालं वाचून, मराठीत दासी म्हणजे काय हे तिला सांगायचं का?

जैतुनाची_सावली

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं जेरुसलेममध्ये राहिलेय त्यामुळे या दोन्हीला मी उत्तर देते.

दासी हे हदासाचं अगदी नेहमीचं लाडाचं नाव आहे, त्यात 'स' वर थोडा जोर असतो, दस्सी असं. तिकडे कोणाच्या मनात मोलकरीण वगैरे येणारच नाही, तो शब्दच त्यांच्याकडे नाही. सांगू नका. तुम्ही मराठीत लिहिताना हवं तर 'दस्सी' लिहा म्हणजे तुम्हालाही खटकणार नाही. ज्यू घरात आपण काय म्हणतो त्यापेक्षा ते नाव कोणाच्या आठवणीत ठेवलंय हे फार महत्त्वाचं असतं. युरोपातून आलेल्या अश्केनाझी कुटुंबांत गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात, जिवंत माणसाचं ठेवत नाहीत, आणि सेफार्दी घरांत उलट, हयात असलेल्या आजी-आजोबांचं नाव आनंदाने ठेवतात. त्यामुळे एकदा सहज विचारा, "हे नाव कोणाचं?" बहुतेक ती तुम्हाला एखाद्या बाईची गोष्ट सांगेल, आणि ती गोष्ट तुमच्या कार्डापेक्षाही तिला जास्त सांगावीशी वाटत असेल.

जुनं वाटतं का? 'हदास' असं नुसतं छोटं रूप आजच्या मुलींमध्ये जास्त ऐकू येतं, ते मॉडर्न वाटतं. पूर्ण 'हदासा' जरा भारदस्त आणि धार्मिक घरांत जास्त. पण जेरुसलेममध्ये हदासा म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पहिल्यांदा हॉस्पिटल येतं! अमेरिकेत हेन्रिएटा झोल्ड नावाच्या बाईंनी 1912 साली न्यूयॉर्कमध्ये बायकांची एक संघटना काढली, सभा पुरीमच्या सुमाराला होती म्हणून एस्तेरच्या नावावरून तिला हदासा नाव मिळालं. दुसऱ्याच वर्षी, 1913 ला, त्यांनी दोन नर्स जेरुसलेमला पाठवल्या, नुसत्या दोन. त्यातून वाढत वाढत 1939 मध्ये स्कोपस डोंगरावर मोठं हॉस्पिटल उभं राहिलं आणि नंतर एन केरेमला दुसरं, तिथल्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) चित्रकार शगालने केलेल्या रंगीत काचांच्या बारा खिडक्या आहेत, इस्राएलच्या बारा वंशांच्या. माझी मैत्रीण तिथे बाळंत झाली होती, तिला भेटायला गेले तेव्हा मी त्या खिडक्या बघितल्या, निळा रंग इतका की आपल्या हातावरसुद्धा निळा उजेड पडतो. म्हणजे एका पोरक्या मुलीचं घरातलं नाव, आणि आज किती बाळं त्या नावाच्या छपराखाली जन्मतात.

देठ_आणि_पान

हे हॉस्पिटलचं माहीत नव्हतं, मस्त. झाडाबद्दल एक भर घालतो, वाचून आलोय. सुक्कोत या मांडवांच्या सणाला चार वनस्पती हातात धरतात, खजुराची एक न उमललेली झावळी, हदासाच्या तीन फांद्या, विलोच्या दोन आणि एत्रोग म्हणजे महाळुंगाच्या जातीचं एक फळ. त्यात हदास कसाही चालत नाही, एकाच पातळीवर देठाभोवती तीन तीन पानं लागतात. साधारण मर्टलला पानं जोडीने येतात, समोरासमोर दोन, त्यामुळे तीनवाली फांदी शोधावी लागते आणि त्यासाठी मुद्दाम लागवड करतात. फांदी हातात घेऊन भिंगातून पानांचे तीनतीनचे फेरे तपासणारी माणसं असतात, मला तर माझ्या प्रयोगशाळेतलीच वाटली.

वहीतले_शब्द

हो, आणि त्या चारांबद्दल एक जुनी शिकवण आहे. एत्रोगला चव आहे आणि वासही, खजुराला चव आहे वास नाही, हदासाला वास आहे चव नाही, विलोला काहीच नाही. चव म्हणजे विद्या, वास म्हणजे सत्कर्म. तर हदास म्हणजे असा माणूस ज्याने फार ग्रंथ वाचलेले नाहीत पण जो चांगलं करत राहतो.

शनिवारी संध्याकाळी शब्बात, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, संपताना काहीतरी सुगंधी हुंगतात, पूर्वी तिथेही हदास असायचा, इतका की युरोपात मसाल्याच्या त्या डबीलाच 'हदास' म्हणायचे, आत लवंग असली तरी. आणि शब्बात सुरू होतानाची पण एक गोष्ट आहे तालमूदमध्ये. रब्बी शिमोन बार योहाई आणि त्यांचा मुलगा बारा वर्षं गुहेत लपून राहिले, बाहेर आल्यावर शेतात राबणारी माणसं बघून त्यांना राग आला, इतका की जिथे नजर जाईल ते जळायला लागलं, तेव्हा त्यांना परत वर्षभर गुहेत पाठवलं गेलं. दुसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती आणि एक म्हातारा हदासाच्या दोन जुड्या घेऊन धावत होता. कशाला विचारलं तर म्हणाला शब्बातच्या मानासाठी. एक पुरत नाही का? तर नाही, एक 'आठव' या आज्ञेसाठी, एक 'पाळ' या आज्ञेसाठी. ते ऐकून बाप मुलाला म्हणाला, बघ या लोकांना आज्ञा किती प्रिय आहेत, आणि दोघांचं मन निवलं. एवढ्या मोठ्या तापलेल्या माणसांना शांत करायला त्या दोन जुड्या पुरल्या.

पानगळ_२२

आज तिला विचारलं, "हे नाव कोणाचं?" ती आधी गप्पच झाली, मग म्हणाली, "माझ्या आजीचं." आजी लग्न होऊन आली तेव्हा अंगणात तिने हदास लावला होता आणि दर शुक्रवारी एक काडी टेबलावर ठेवायची, आता ते घर नाही पण आईने त्याची फांदी लावून नवीन झाड केलंय, कुंडीत, बाल्कनीत. मला फोटो पाठवला. पानं खरंच तीन तीनची आहेत, मी झूम करून मोजली.

कार्डात हे लिहिलंय, बघा बरं वाटतं का:

"हदासा, पणजीच्या अंगणातली फांदी तुझ्या घरी आलीय. पान उजेडात धरलं की त्यातले ठिपके दिसतात, चुरगळलं की वास येतो. तुझ्या वाटेला भरपूर उजेड येवो."

वहीतले_शब्द

खूप छान. फक्त 'चुरगळलं' बाळाच्या कार्डात नको, 'हात लावला की वास येतो' करा. आणि खाली 'मझल तोव्ह' (हिब्रूत अभिनंदन) लिहा देवनागरीत, ती वाचेल अक्षर अक्षर लावून.

देठ_आणि_पान

हात लावल्यावर पण येतो वास, ते बरोबरच आहे. कुंडी असेल तर तिला सांगा पाणी साचू देऊ नको आणि ऊन भरपूर दे, मग उन्हाळ्यात फुलं येतील.

पानगळ_२२

बदललं. उद्या सकाळी पोस्टात टाकते.